धाकट्या बाबाचं शिफारसपत्र

दार उघडल्यावर धाकट्या बाबानं, आमच्या गावच्या जमीनमालकाच्या धाकट्या मुलानं, माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. हातातल्या पिशवीकडे बघितलं. पिशवीत सोलां, म्हणजे आमसुलं होती, आईनं गोव्यात कोरगावला वाळवून माझ्याबरोबर दिलेली. ती त्यानं घेतली, हुंगली आणि पाठ फिरवता फिरवता म्हणाला, "रांदपघर थंय आसा. आवय करता तशें हुमण कर. लोक एक वरार येतले."

मी दारातच उभी. लोक एकला जेवायला येणार, स्वयंपाकघर तिकडे, माशांचं हुमण मी करायचं. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खोलीतल्या जोडीदारणीकडून मागून घेतलेला काळा कोट, काखेत प्लास्टिकची फाइल. फाइलीत माझी माहिती छापलेले सहा कागद. इंग्रजीत. त्यानं फोनवर सांगितलं होतं की रविवारी माझ्याकडे इंग्रजीतलं काम देणारे लोक जेवायला येतात, तू ये, ओळख करून देतो. मी पाहुणी म्हणून गेले होते. व्हिएन्ना शहर, चौथा मजला, लिफ्टमध्ये आरसा. त्या आरशात मी दोनदा केस सारखे केले होते. काय मूर्ख बाई.

फाइल चपलांच्या कपाटावर ठेवली. कोट काढला. हुमण केलं.

बर्फातले बांगडे आणि डब्यातला नारळ, तरी बरं झालं. आठ माणसं जेवली. मध्येच त्यानं मला हाक मारली. मी हात पुसत दारापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. त्यानं माझ्याकडे बोट करून इंग्रजीत सांगितलं, "हिची आजी, हिची आई, सगळ्या आमच्याकडेच. पिढ्यान्‌पिढ्या. आमच्या घरचंच माणूस." पाहुणे खूश. एक बाई म्हणाली की तुमच्या देशात अजून अशी नाती टिकून आहेत, आमच्याकडे सगळं संपलं. आणि मी हसले. चांगली दात दाखवून हसले. आज आठवलं की ते दात पाडावेसे वाटतात.

पुढचं त्याहून वाईट. सगळ्यांचं झाल्यावर मी रांदपघरात उभ्यानं जेवले. माझं ताट वेगळं घासलं. पुसलं. आणि इतर ताटांच्या चळतीत न ठेवता खिडकीच्या कडेला, पालथं घालून ठेवलं. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. भाटकाराच्या परसदारी आईचं ताट असंच असायचं, भिंतीतल्या कोनाड्यात, पालथं. माझ्या हातांनी ते पाठ केलं होतं. बीए झाले, इंग्रजी घेऊन झाले, विमानात बसले, समुद्र ओलांडला, आणि हात अजून कोरगावच्या परसातच.

गोव्याबाहेरच्यांना सांगायला हवं. भाटकार म्हणजे जमिनीचा मालक. मुंडकार म्हणजे त्याच्या परवानगीनं त्याच्या जमिनीत घर बांधून पिढ्यान्‌पिढ्या राहणारा. आम्ही मुंडकार. माती आम्ही मळली, भिंती आम्ही घातल्या. बापानं तर जुनं घर पावसात बसल्यावर स्वतःच्या डोक्यावरून चिरे वाहून नवीन उभं केलं. त्या बदल्यात भाटकार सांगेल ते काम. काजूच्या दिवसांत बोंडं वेचायची, चतुर्थीआधी खळं सारवायचं, लग्नकार्यात भांड्यांचे ढीग घासायचे. आमच्या केळीचा पहिला घड त्यांच्या माटोळीला जायचा. माटोळी म्हणजे गणपतीवर फळं-पानं बांधायची चौकट. आमच्या गणपतीला उरलेलं. आमचा गणपती कधी रागावला नाही, त्यालाही सवय झाली असणार. आमची जात सांगत बसत नाही. परसदारी उभं राहावं लागायचं एवढ्यावरून ओळखा.

भाटकार मोठा भाषाप्रेमी. गोवा राज्य व्हायच्या सुमारास भाषेची भांडणं गावागावात आली, तेव्हा हा व्यासपीठावर बसून मातृभाषेवर बोलायचा. कुठली मातृभाषा ते विचारू नका. पेडण्याच्या सभेत मराठी, पणजीच्या सभेत कोंकणी. आम्ही पोरं समोर मातीत बसून टाळ्या वाजवायचो. आम्ही गावच्या मराठी शाळेत. त्याची पोरं आधीच इंग्रजी शाळेत गेलेली, बोर्डिंगात. मातृभाषा टिकवायचं काम आमच्याकडे होतं, बोंडं वेचण्याबरोबर.

मग मीही इंग्रजी शिकले. हट्टानं. म्हापशाला कॉलेज केलं आणि हरमलच्या किनाऱ्यावर एका हॉटेलात काउंटरवर लागले. तिथं जर्मन बोलणारे यायचे, सहा-सहा महिने राहायचे. वर्षानुवर्षं येणाऱ्यांनाही "कसो आसा" याच्या पुढे शब्द यायचा नाही. कशाला येईल? आम्ही शिकत होतो ना त्यांच्यासाठी. आमचे वेटर चार भाषांत मासा विकायचे. तिथलीच एक म्हातारी गिऱ्हाईक मला म्हणाली की तुझ्या इंग्रजीला व्हिएन्नात कुठेही काम मिळेल. बाप पोर्तुगीज अमलात जन्मलेला, त्याच्या जन्मनोंदीवर मला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला होता. पोर्तुगाल मी आजवर बघितलेलं नाही. बाप तोवर वारला होता. गावातले सगळे लंडनला जात होते. मी त्या म्हातारीचं ऐकलं.

व्हिएन्नात मी तीन महिने दारं ठोठावली. दुकानात गेले, हॉटेलात गेले, कचेऱ्यांत गेले. इंग्रजी येतं म्हटलं की विचारायचे, जर्मन? नाही म्हटलं की हसून दार दाखवायचे. त्यांचं चूक नव्हतं. त्यांचं गाव, त्यांची भाषा. माझी चीड त्यांच्यावर नाहीच.

चीड दुसऱ्यांवर. त्या शहरात इंग्रजीतलं काम होतं, भरपूर होतं, पण ते एका बंद खोलीत होतं. परदेशी कंपन्या, परदेशी पोरांच्या बालवाड्या, परदेशी साहेबांची घरं. ही माणसं स्वतःला एक्सपॅट म्हणवतात. एकाच विमानातून उतरलो तरी ती एक्सपॅट आणि मी स्थलांतरित. दहा दहा वर्षं राहून यांना बाजारात बटाटे मागता येत नाहीत, आणि दारूचा ग्लास हातात घेऊन बोलणार काय, तर बाहेरून आलेले लोक इथली भाषा शिकत नाहीत. त्यांच्या संध्याकाळच्या जमावात मी दोनदा गेले. सगळे गोड बोलतात. नाव विचारतात, गाव विचारतात, अरे वा गोवा म्हणतात, आणि मग हळूच विचारतात की इथं तुला कोण ओळखतं. कोणी नाही म्हटलं की त्यांना पलीकडे कोणीतरी दिसतं.

आईनं हे फोनवर ऐकलं आणि भाटकाराच्या कानावर घातलं. आता इथं कोणीही विचारेल की भाटकाराशी तुमचं पटत होतं का. नव्हतं. आमचं घर मुंडकार म्हणून नोंदवून घ्यावं, असा अर्ज आईच्या नावानं पेडण्याला मामलेदारांकडे मीच घातला होता. भाटकारानं त्याला विरोध केला होता. तारखा पडत होत्या. तरी आई रोज त्यांच्या परसात भांडी घासायला जातच होती. तिचं म्हणणं, कज्जा कचेरीत, काम घरात. भाटकार शांतपणे म्हणाला की माझा धाकटा व्हिएन्नालाच आहे, मोठ्या हुद्द्यावर आहे, करील काहीतरी. नंबर दिला. आई मला म्हणाली, बघ, कज्जा चालू असून किती मोठं मन. मलाही तसंच वाटलं. आम्हाला त्यांच्या मनाचं माप कधी घेताच आलं नाही.

तर त्या जेवणाला एक इंग्रज मॅडम होती. तिची बालवाडी होती, इंग्रजीत चालणारी. जाताना ती रांदपघरात डोकावली. म्हणाली, तुझं इंग्रजी छान आहे, मला मदतनीस हवी आहे, तुला ओळखणाऱ्या कोणाचं पत्र आण. धाकटा बाब मागेच उभा होता. म्हणाला, पत्र मी देतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हो, आलं. पालथं ताट खिडकीत होतं आणि मी त्याचे आभार मानत होते.

चार दिवसांनी त्यानं एका कॉफीच्या दुकानात बोलावलं. पत्राच्या दोन प्रती. खाली त्याची सही, आणि त्याखाली माझ्या सहीची जागा. वर लिहिलेलं, वरील मजकूर खरा आहे. मी विचारलं की शिफारसपत्रावर माझी सही कशाला. तो म्हणाला, इथं पद्धत आहे. मग मी वाचायला लागले, तसं त्यानं घड्याळ बघितलं. आमच्यातलं माणूस वाचायला लागलं की यांना नेहमी उशीर होतो.

पत्र सुंदर होतं. मी प्रामाणिक, कष्टाळू, स्वच्छ. आणि मग हे: ही आणि हिचं कुटुंब आमच्या कोरगावच्या घरी तीन पिढ्या पगारी घरनोकर असून आमच्या आवारातल्या नोकरांच्या खोलीत राहतं.

मी थांबले. हे वाक्य मी वाचलेलं होतं. इथं नव्हे, पेडण्याला. भाटकाराच्या वकिलानं मामलेदारांपुढे दिलेल्या उत्तरात. आईला वाचून दाखवायला ते मी इतक्यांदा वाचलं होतं की तोंडपाठ झालं होतं. कायदा सरळ आहे. मालकाच्या आवारात राहणारा पगारी घरनोकर हा मुंडकार नव्हे. त्याला घरावर हक्क नाही. म्हणजे या कागदावर मी सही केली की बालवाडीतली नोकरी मला आणि बापानं चिरे वाहून बांधलेलं घर त्यांना. मुलीनंच लिहून दिलंय म्हटल्यावर आईनं काय बोलायचं?

किती हुशार माणसं. आणि किती हलकी. मुलीला नोकरी द्यायच्या मिषानं तिच्याच हातून आईला घराबाहेर काढायचं. तेही तिच्याकडून हुमण करून घेऊन.

मी म्हटलं, उद्या सही करून आणते. एक प्रत फाइलीत घातली. परवा मॅडमकडे घेऊन ये, मीही येतो, असं तो म्हणाला. कॉफीचे पैसे त्यानं दिले आणि दिले हे मला ऐकवलं.

आईला फोन केला. सगळं समजावून सांगितलं. आई सावंतवाडीकडची, बोलणं तिकडचंच. म्हणाली, "सही कर गो बाय. घराचां काय, माती ती. तुझां बरां होवंदे."

मला तिचा राग आला. भाटकाराचा आला नसेल एवढा आला. इतक्या सहज? ज्या भिंतीला नवऱ्याचे हात लागले ती माती? मग कळलं की हेही पाठ केलेलंच आहे. त्यांनी मागायचं आणि आपण द्यायचं, वर आपल्याच पोरांचं भलं व्हावं म्हणून द्यायचं. घड दिला, श्रम दिले, आता घर. माझ्या हातांनी ताट पालथं घातलं तसं तिच्या तोंडानं ते शब्द आले. राग उतरला नाही, पण कोणावर काढायचा ते ठरलं.

मॅडमच्या खोलीत भिंतींवर पोरांची चित्रं होती. तिनं चहा दिला. धाकटा बाब पाय पसरून बसला. मी पत्र टेबलावर ठेवलं, सही न केलेलं, आणि इंग्रजीत सांगितलं. सावकाश, शाळेत धडा वाचून दाखवावा तसं. हे पत्र खोटं आहे. माझी आई यांची पगारी नोकर नाही. आम्ही नोकरांच्या खोलीत राहत नाही, आमच्या स्वतःच्या घरात राहतो, आणि त्या घराबद्दल यांच्या वडिलांशी आमचा कज्जा चालू आहे. ही सही त्या कज्ज्यासाठी हवी आहे, तुमच्या बालवाडीसाठी नव्हे.

मॅडम एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग कप सरळ करत म्हणाली की हा तुमचा घरगुती मामला दिसतो, मी त्यात पडू शकत नाही. घरगुती. बरोबरच आहे, घरचंच माणूस ना मी. नोकरी तिथंच गेली. मॅडमला अन्याय दिसला नाही असं नाही. दिसला. पण तिच्या चहात पडला म्हणून तिला तो आवडला नाही.

धाकट्या बाबाचं इंग्रजी संपलं. दात आवळून तो कोंकणीत म्हणाला, "आमच्या घरचें उश्टें खाल्लां तुमी. विसरलें?"

मी उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्या घराण्यातल्या माणसाशी बोलताना माझी मान वर होती.

"विसरूंक ना. तेंच सांगूंक पेडण्यां येतलें."

फाइल घेतली आणि बाहेर पडले. शौर्य वगैरे काही वाटलं नाही. हातची नोकरी गेली होती आणि खोलीचं भाडं डोक्यावर होतं. ट्रामच्या थांब्यावर बसून मी खूप वेळ त्याला शिव्या दिल्या. मोठ्यानं, मालवणीत. शेजारचे आजोबा उठून पलीकडे जाऊन बसले.

खोलीतली जोडीदारीण मिलेना, सर्बियाची, एका हॉटेलच्या धुलाईघरात होती. तिनं मला तिथं लावलं. चादरी, टॉवेल, वाफ. तिथं कोणी इंग्रजी बोलत नव्हतं आणि तुला कोण ओळखतं असंही विचारत नव्हतं. मिलेना चादरीची दोन टोकं मला द्यायची, दोन स्वतः धरायची, आणि प्रत्येक घडीला एक जर्मन शब्द म्हणायला लावायची. मी शिकले. इंग्रजीतलं काम मागायला त्यानंतर मी कोणाच्या दारात गेले नाही. काम करणाऱ्यांच्या भाषेत काम असतं, एवढं कळलं. ती बंद खोली त्यांनाच लखलाभ.

आणि बोलले तशी पेडण्याला गेले. रजा साठवून. आमचा वकील डिचोलीचा, तरुण. त्याला मी ते पत्र दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि एकच विचारलं, पगार किती मिळायचा? मी हसले. पगार? जुनं लुगडं मिळायचं, चतुर्थीला हळदीच्या पानातल्या गोड पातोळ्या मिळायच्या, उरलेलं जेवण मिळायचं. पगार आजीनं बघितला नाही, आईनं बघितला नाही. वकील खुर्चीत पुढे सरकला. म्हणाला, मग हेच सांगायचं, सगळं, जसंच्या तसं. पगार नाही तर नोकर नाही. काम करून घेतलं म्हणून मुंडकाराचा हक्क जात नाही, कायद्यातच लिहिलंय.

आई कानकोंडी झाली. उष्ट्याचं तेवढं सांगू नको म्हणाली. गावातले लोक असतात कचेरीत.

मी सांगितलं. भाटकार समोर खुर्चीवर बसला होता, पांढऱ्या कपड्यांत. त्याच्या वकिलानं विचारलं, तुमची आई यांच्याकडे भांडी घासायची की नाही? त्याला वाटलं मी नाही म्हणेन. आमची माणसं लाजेनं नाहीच म्हणतात, आणि खोटी पडतात. मी म्हटलं, घासायची. आजीही घासायची. मीही घासली, आठवीत असल्यापासून. परसदारी बसून. जेवण उरलं तर मिळायचं, ताट आमचं आम्ही वेगळं ठेवायचो. आता यांना विचारा, पगार किती दिला, कधी दिला, कोणाच्या हातात दिला. वकिलानं भाटकाराकडे बघितलं. भाटकारानं खिडकीकडे बघितलं. व्यासपीठावर तास तास बोलणारा माणूस, त्या दिवशी त्याला एकही मातृभाषा सुचली नाही.

निकाल अजून लागलेला नाही. पुढच्या तारखेला आईची साक्ष आहे. परसातलं काम तिनं सोडलंय, मी सोडायला लावलं. त्यांचा गडी बोलवायला आला तेव्हा मी दारात उभी राहून सांगितलं की येणार नाही, भांडी ज्यांची त्यांनी घासावी. आईनं ते आतून ऐकलं. रात्री जेवताना म्हणाली, "लोकांसमोर लाज दिसतली गो." मी म्हटलं, दिसू दे. ती आपली नव्हे. आपण खाल्लं ते भुकेनं खाल्लं. त्यांनी वाढलं ते कशानं वाढलं, ते त्यांनी सांगावं.

आम्ही जिंकू की हरू, मला माहीत नाही. हरलो तर वरच्या कोर्टात जाऊ. पण त्या घरातून आम्हाला काढायचं असेल तर भाटकाराला आणि त्याच्या धाकट्याला भर कचेरीत उभं राहून, स्वतःच्या तोंडानं, सांगावं लागेल की तीन पिढ्या आमच्याकडून काय काय करून घेतलं आणि हातावर काय ठेवलं. कोंकणीत सांगोत, मराठीत सांगोत, इंग्रजीत सांगोत. मला तिन्ही येतात. सांगेपर्यंत मी प्रत्येक तारखेला येणार, आणि पुढच्या बाकावर बसणार.